कलम चार आणि डार्विनचा गणपती

केलीव्हिल, सिडनी
८ मे २०२५

प्रिय गुरू,

फोनच करणार होते. पण फोनवर आपलं भांडण तिसऱ्या मिनिटाला सुरू होतं, आणि मावशी आपण शाळेत असल्यापासून सांगत आली आहे की तुम्हा दोघांना काही महत्त्वाचं बोलायचं असेल तर लिहून बोला. तुझी आई असली तरी तिचं हे एक म्हणणं मला पटतं. तेव्हा ही ईमेल पत्र समजून वाच, आणि जेवता जेवता वाचू नकोस.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या मराठी मंडळांच्या महासंघाची घटना एकदाची लिहून झाली. सरचिटणीस मी, त्यामुळे लिहिलीही मीच. मसुदा जोडला आहे. तू डार्विन मंडळाचा प्रतिनिधी आहेस, म्हणून जुलैअखेरपर्यंत तुझी संमती हवी. फायदा सांगायला नकोच. हॉलवाले विम्याशिवाय दार उघडत नाहीत, आणि होबार्टसारख्या चिमुकल्या मंडळाला एकट्याला कोणी विमा देत नाही. सगळे मिळून मागितला की मिळतो. त्या बदल्यात थोडी शिस्त. गणपतीतल्या शनिवारी सगळीकडे एकाच वेळी, आमच्या सकाळी अकराला, महाआरती होईल, सिडनीच्या हॉलमधून थेट प्रक्षेपण.

दोन कलमं नीट वाच. कलम चारप्रमाणे पूर्ण सभासद आणि पदाधिकारी होणाऱ्याची मातृभाषा मराठी असावी आणि त्याला मराठी लिहिता-वाचता यावं. ते का घातलं, हे तुला ठाऊक आहे. दोन वर्षांपूर्वी इथल्या हॅरिस पार्क भागातल्या एका उमेदवाराने निवडणुकीच्या आदल्या दिवशी आपल्या रेस्टॉरंटमधली सगळी मुलं सभासद करून आणली होती. त्यातल्या निम्म्यांना मंडळ कशाचं आहे हेही माहीत नव्हतं. कलम दहा मात्र खास तुझ्यासारख्यांसाठी आहे. घटना मंजूर करायला आणि पुढे तिच्यात काही बदलायला सगळ्या मंडळांची संमती लागेल. एकाने नाही म्हटलं तरी अडेल. मोठ्यांनी लहानांना दाबू नये, म्हणून मी त्यासाठी भांडले आहे.

आता घरचं. ओवीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष आहे आणि तिची सहा आठवड्यांची प्रशिक्षणाची प्लेसमेंट तुमच्याच हॉस्पिटलात आली आहे, ७ जुलैपासून. तुझ्याकडे राहील. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत येतं. वाचता येत नाही. आरतीची वेळ झाली की तिला हटकून असाइनमेंट आठवते. दीप्तीला सांग, भेंडी सोडून सगळं खाते.

तुझी,
मंजूताई


डार्विन
२१ मे २०२५

ती. ताईस नमस्कार.

ओवीची खोली दीप्तीने कालच रिकामी केली. तिला भेंडी खायला लावायची जबाबदारीही घेतली आहे.

मसुदा दोनदा वाचला. भाषा छान आहे. विम्याचं पटलं, महाआरतीचं अर्धं पटलं. तुमचे सकाळचे अकरा म्हणजे आमचे साडेदहा आणि पर्थचे नऊ. साडेदहाला आमचे अर्धे लोक ड्यूटीवर आणि उरलेले नाइट करून झोपलेले असतात. आम्ही आरती शिफ्टप्रमाणे करतो. आठला नाइट संपवून येणाऱ्यांची, संध्याकाळी दिवसपाळीवाल्यांची. गणपतीची आजवर तक्रार आलेली नाही.

कलम चारचं मात्र कठीण आहे. आमची अध्यक्ष विनीता. तू तिला भेटलेली नाहीस. ती फिजीची, लांबासाची, आमच्याच हॉस्पिटलात सिनियर नर्स. घरात फिजी हिंदी बोलते. मराठी तिने आमच्याकडून उचललं, आणि देवनागरी शाळेतच शिकली होती म्हणून आरत्या पुस्तकातून वाचता वाचता पाठ झाल्या. घालीन लोटांगणला आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघतो, कारण तिसऱ्या ओळीनंतर कोणालाच खात्री नसते.

ती अध्यक्ष कशी झाली, तेही सांगतो. डार्विनला मराठी माणूस येतो तो पी.आर.साठी, कायम राहण्याच्या परवान्यासाठी. तो मिळाला की दक्षिणेकडे पळतो. आमच्या मंडळाचे संस्थापक सगळे मेलबर्नला आहेत. दरवर्षी नवा सेक्रेटरी आणि दरवर्षी समया हरवलेल्या. विनीता कुठे जात नाही. मंडळ मराठी माणसांनी काढलं, पण टिकवलं तिने आणि अजून दोन-चार तेलुगू, नेपाळी कुटुंबांनी. कलम चार लावलं तर ती अध्यक्ष नाही, सभासदही नाही. पाहुणी.

मी हॉस्पिटलातली यंत्रं दुरुस्त करतो. एका वॉर्डातला पंप बिघडला म्हणून सगळ्या इमारतीतले पंप आम्ही उघडत नाही. हॅरिस पार्कात जे झालं त्याचं औषध हॅरिस पार्कला द्या. आम्हाला का पाजता?

तुझा,
गुरू


केलीव्हिल
३० मे २०२५

प्रिय गुरू,

पंपाचं उदाहरण वर्गात वापरणार आहे, तुझं नाव न सांगता.

पण थोडं माझंही ऐक. मी वीस वर्षं विद्यापीठात हेच शिकवते, युरोपियन युनियन. युरोपात सत्तावीस देश एकत्र नांदतात ते प्रत्येकाने आपापली सोय पाहून नाही. एकाला सवलत दिली की दुसरा हात पुढे करतो, मग तिसरा, आणि शेवटी संघ म्हणजे नुसती पाटी उरते. नियम सगळ्यांना सारखा, हीच लहानांची ढाल असते. कडक नियम मोठ्यांना जाचतो, लहानांना वाचवतो. आज तुला उलटं वाटत असेल.

विनीताबाईंबद्दल मला आदर वाटला, खरंच. म्हणून एक वाट सुचवते. फिजीला ऊसमळ्यांच्या मजुरीसाठी गिरमिटावर गेलेल्यांत थोडे आपल्याकडचेही होते. त्यांच्या पणजी-खापरपणजीत कोणी रत्नागिरीचं, साताऱ्याचं निघेलच. अर्जात तेवढं लिहा, मातृभाषेच्या रकान्यात मराठी लिहा, वाचता तर येतंच. कोण बघायला येतंय? मी सरचिटणीस आहे, मी मंजूर करते. साप मरेल आणि काठीही मोडणार नाही.

ओवीसोबत लाडू पाठवते. विमानात पिवळ्या डब्याचं काय करायचं म्हणून आत्ताच कुरकुरते आहे.

मंजूताई


डार्विन
१५ जून २०२५

ताई,

तुझी वाट विनीताला सांगितली. ती रविवारी घरी आली होती. आमचं घर उंच खांबांवर आहे हे तुला माहीत आहे. खालच्या मोकळ्या जागेत दोन गाड्या, धुण्याचं यंत्र आणि पंखा असतो, ड्राय सीझनमध्ये आम्ही तिथेच बसतो. मी तिला सगळं समजावून सांगितलं, तुझं कारणही, जितकं निष्पक्ष सांगता येईल तितकं. तिने चहा संपवला आणि म्हणाली, "हमार आजी के माई बस्ती जिला से आइस रहा. ऊ बिचारी के अब हम मराठी कैसे बनाई? गणपति के आगे हम झूठ नई बोलेगा."

बस्ती उत्तर प्रदेशात आहे, ताई. रागावली नव्हती. नंतर दीप्तीला कढीपत्त्याचं रोप दिलं आणि राजीनामा देते म्हणाली. तो मी घेतला नाही.

तुझ्या सत्तावीस देशांबद्दल एवढंच, की ब्रिटन निघून जाईपर्यंत ते अठ्ठावीस होते.

एक प्रश्न आहे. ऑकलंड कलम चारला तयार कसं झालं? तो तर वेगळा देश आहे. तिथला हृषिकेश गेल्या वर्षीपर्यंत सिडनीचं नाव काढलं की दुसऱ्या खोलीत जायचा. त्यांच्याकडे गुजराती आणि फिजीवाले सभासद आमच्यापेक्षा जास्त आहेत. नियम सगळ्यांना सारखा आहे ना?

गुरू


केलीव्हिल
२४ जून २०२५

प्रिय गुरू,

सेमिस्टर संपतं आहे, पेपरांचा ढीग आहे, म्हणून थोडक्यात.

ऑकलंडशी चर्चा चालू आहे. प्रत्येक मंडळाशी झालेलं बोलणं दुसऱ्याला सांगायचं नाही असा संकेत आहे, तो मी पाळते. तू आपल्या मंडळापुरतं बघ.

ओवी ५ तारखेला पोचते. विमानतळावर कोणी आलं नाही तरी चालेल, मी उबर घेते, असं तिचं म्हणणं आहे. तू जा.

मंजूताई


डार्विन
१३ जुलै २०२५

ताई,

ओवी नीट पोचली. लाडूंचा पिवळा डबा मांडीवर धरून आली. पहिल्या दिवशी हॉस्पिटलात रस्ता चुकली, दुसऱ्या दिवशी विनीताच्याच वॉर्डात ड्यूटी लागली. आता दोघी एका गाडीने जातात. संध्याकाळी दोघी खाली पंख्याखाली बसलेल्या असतात. काय चाललंय विचारलं तर ओवी म्हणते, "नथिंग, मामा, जस्ट स्टफ."

दुसरं. मी हृषिकेशला फोन केला. हो, आम्ही प्रतिनिधी एकमेकांशी बोलतो. तो मजेत होता. ऑकलंडला कलम चार लागू नाही, असं परिशिष्ट तुमच्या समितीने एप्रिलमध्येच दिलं आहे. एप्रिलमध्ये, ताई. तू मला मेमध्ये लिहिलंस की नियम सगळ्यांना सारखा.

तुझ्या लेकीने मला तुझं व्याख्यान लॅपटॉपवर दाखवलं. त्यात तू छान सांगितलं आहेस की जो निर्णय खालच्या पातळीवर घेता येतो तो वर नेऊ नये, युरोपचा पाया तोच आहे. ओवी ऐकता ऐकता म्हणाली, "शी रियली बिलीव्ह्ज दिस, यू नो." मी हो म्हटलं. मलाही तसंच वाटतं, म्हणून जास्त वाईट वाटलं.

गुरू


केलीव्हिल
१७ जुलै २०२५

गुरू,

तुझं खरं आहे आणि मला लाज वाटते. एवढं लिहून झालं, आता कारण लिहिते.

ऑकलंड हे सिडनी आणि मेलबर्ननंतरचं सगळ्यात मोठं मंडळ. ते नसतील तर विमा मिळत नाही, विमा नसेल तर महासंघ म्हणजे नुसतं लेटरहेड. हृषिकेश सरळ म्हणाला, सवलत द्या नाहीतर आम्ही चाललो. त्याला जाऊ देणं परवडलं नसतं. तुम्ही गेलात तर आम्हाला वाईट वाटेल, पण हॉल उघडेल. असं असतं. मोठ्याची धमकी ही अडचण असते आणि लहानाची तक्रार हा नुसता चर्चेचा मुद्दा असतो. हे मी वर्गात हसत हसत सांगते.

डार्विनसाठीही परिशिष्ट मागितलं होतं, तुला न सांगता. समितीत मी एकटी पडले. आता तुझ्या हातात कलम दहा आहे. तू नाही म्हटलंस तर सगळंच पडेल. तुला तो हक्क आहे, मीच दिला आहे. फक्त होबार्टच्या मुरलीधरकाकांनी या वर्षी पहिल्यांदा हॉल ठरवला आहे, आपल्या भरवशावर, हे लक्षात ठेव. बाकी काही सांगत नाही.

ओवी फोन उचलत नाही. बरी आहे ना?

मंजू


डार्विन
२९ जुलै २०२५

ताई,

ओवी उत्तम आहे. फोन लॉकरमध्ये असतो.

आमची सभा शनिवारी झाली. मी नकार द्यायचा म्हणूनच गेलो होतो. भाषण तयार होतं, त्यात तो पंपही होता. पण विनीताने आधी बोलायला घेतलं. तिचं म्हणणं असं की माझ्यामुळे होबार्टच्या म्हाताऱ्याचा हॉल जायला नको, मी बाजूला होते, मंडळाने सही करावी. त्यावर तेलुगू कुटुंबातला श्रीनाथ म्हणाला, "मॅडम बाजूला, तर आम्हीपण बाजूला. मग राहिले कोण, गुरुदत्त सर आणि समई?" लोक हसले, आणि हसताना निर्णय झाला.

तेव्हा कळवतो की डार्विन मंडळ नकार देत नाही आणि संमतीही देत नाही. ते महासंघातून बाहेर पडत आहे. आम्ही नसलो म्हणजे उरलेल्यांची संमती पूर्ण होते, तुमचं अडणार नाही. विनीताचा राजीनामा सभेने परत केला.

विमा नाही, म्हणून हॉल नाही. गणपती माझ्या घराखाली बसेल. गाड्या रस्त्यावर लावू. धुण्याच्या यंत्रावर चादर टाकू. विसर्जन नेहमीसारखं टबात, कारण समुद्रावर मगरी आहेत आणि त्यांना प्रसाद व्हायची कोणाची तयारी नाही.

तुझ्यावर राग होता, तो आता बराचसा गेला. उरलेला इथे आलीस की जाईल.

गुरू


केलीव्हिल
४ ऑगस्ट २०२५

प्रिय गुरू,

घटना काल एकमताने मंजूर झाली. टाळ्या झाल्या, पेढे झाले. डार्विनचं पत्र मी वाचून दाखवलं. कोणीतरी मागून "सुंठेवाचून खोकला गेला" म्हणालं, आणि लोक हसले. तुमच्याकडे हसताना निर्णय झाला, आमच्याकडे निर्णयानंतर हसले, एवढाच फरक. मुरलीधरकाकांनी मात्र होबार्टहून स्क्रीनवर हात जोडले आणि डार्विनला आमचा नमस्कार सांगा म्हणाले. सांगितला.

मला आनंद व्हायला हवा होता. तीन वर्षं यासाठी घातली. घरी येऊन पेढ्यांचा बॉक्स फ्रिजमध्ये ठेवला, तो अजून उघडलेला नाही.

आता एक चांगली बातमी. समितीला तरुण चेहरा हवा आहे, म्हणून युवा प्रतिनिधी म्हणून मी ओवीचं नाव दिलं. वय एकवीस, इथेच वाढलेली, शोभून दिसेल. तिची प्लेसमेंट १५ ला संपते, त्यामुळे ३० च्या महाआरतीला सिडनीत असेलच. तिला सांग आणि तिचा अर्ज पाठवायला लाव. ती माझ्या मेसेजला नुसता अंगठा दाखवते.

मंजू


डार्विन
११ ऑगस्ट २०२५

ताई,

अर्ज भरायला आम्ही तिघं बसलो, ओवी, विनीता आणि मी. अर्ज मराठीत आहे म्हणून विनीताने मोठ्याने वाचला. मातृभाषा विचारली तेव्हा ओवी थोडी थांबली आणि "मराठी, आय गेस" म्हणाली. पुढची ओळ वाचून विनीताच थांबली. मराठी लिहिता-वाचता येते का.

कलम चार, ताई. आमच्याकडे सगळ्यांचं लक्ष विनीताकडे होतं, तुमच्याकडे हॅरिस पार्ककडे. आपली मुलं अजून कुटुंब सभासदत्वात शेंगदाणे खात बसली आहेत असंच आपण धरून चाललो. ती अठराची झाली, आईबापांच्या कार्डावरून उतरली, हे बारा मंडळांत कोणाच्या ध्यानात आलं नाही. तुझ्या घटनेप्रमाणे तुझी मुलगी पूर्ण सभासद होऊ शकत नाही. ती आणि विनीता एकाच बाकावर आहेत, पाहुण्यांच्या.

मला वाटलं ओवी हसेल. ती म्हणाली, "सो आय डोंट काउंट. इन आईज थिंग." मग बराच वेळ टेबलावरचं पेन उघडत-मिटत राहिली. विनीता म्हणाली, "बिटिया, हमारे घर में सब काउंट होय," आणि तिला चहा करायला आत पाठवलं.

त्यानंतर ओवीने मला विचारलं, गणपतीपर्यंत राहिले तर चालेल का. मी तिकीट पुढे ढकललं. ती तुला स्वतः सांगणार होती. त्यासाठी तिने कागदावर एक ओळ लिहिली, तिचा फोटो सोबत जोडला आहे. त्या दोघी रोज पंख्याखाली काय करत होत्या, ते मलाही आजच कळलं. विनीताने आरतीचं पुस्तक समोर ठेवून तिला एकेक अक्षर शिकवलं आहे. अर्ज वाचण्याइतकं अजून येत नाही. कागदावरचं अक्षर ओवीचंच आहे, कोणी हात धरला नव्हता.

"आई तू ये. मी आरती वाचणार."

गुरू


केलीव्हिल
२० ऑगस्ट २०२५

प्रिय गुरू,

फोटो पाहिला. त्या दिवशी दुसरं काही केलं नाही. मग दोन दिवसांनी सरचिटणीस म्हणून जे करायचं ते केलं. कलम चार बदलायचा प्रस्ताव समितीपुढे ठेवला. सिडनीत सगळे हो म्हणाले. निम्म्यांच्या घरी ओवीच्याच वयाची मुलं आहेत आणि एकालाही वाचता येत नाही, हे तिथेच लक्षात आलं. पण कलम दहाप्रमाणे सगळ्या मंडळांची संमती लागते. हृषिकेश म्हणाला, घटना उघडायचीच असेल तर आमचे अजून चार मुद्दे आहेत, तेही घ्या. त्यावर मेलबर्न म्हणालं, मग आमचेही. पुढच्या वर्षी बघू असं ठरलं. सगळ्यांची संमती लागावी म्हणून सगळ्यांशी भांडले होते, ती मीच.

ओवीला मी मराठी वाचायला शिकवलं नाही. तिला आवड नाही असं सगळ्यांना सांगत आले. ती नऊ वर्षांची असताना एकदा पुस्तक घेऊन आली होती, तेव्हा मी कुठल्यातरी परिषदेचा पेपर लिहीत होते. नंतर बघू म्हटलं. गुरू, मला फार वाईट वाटतं आहे आणि ते तुझ्याशिवाय कोणाला लिहिता येत नाही.

३० च्या शनिवारी सिडनीच्या स्टेजवर मी नसेन, तसं कळवलं आहे. शुक्रवारी दुपारच्या विमानाने येते. उबर घेणार नाही, तू ये. पेढ्यांचा बॉक्स आणते आहे, तसाच बंद आहे.

आणि विनीताबाईंना माझ्या वतीने विचार. माझी मातृभाषा मराठी आहे, लिहिता-वाचता येतं, कलम चारमध्ये अगदी चोख बसते. तुमच्याकडे मागे उभं राहून टाळ वाजवायला एवढं पुरेल का?

तुझी,
मंजूताई